पाऊण तास धरलेली मान

जळगाव, दवाखान्यातून
१८ डिसेंबर २०२४

प्रिय अक्का,

पत्र लांबणार आहे, म्हणून आधी हे वाच: नवीन जिवंत आहेत आणि मीही. तुला फोनवर नुसतं हॅलो हॅलो ऐकू येतं, आणि शेजारच्या दिपमालाच्या फोनवर निरोप ठेवला तर ती अख्ख्या गल्लीला सांगून शेवटी तुला सांगेल. म्हणून लिहायलाच बसले.

शनिवारी आमच्या गाडीला अपघात झाला. नवीनच्या चुलतबहिणीचा साखरपुडा होता चोपड्याला. सकाळी देवपूरहून निघालो, गाडीत आम्ही नवराबायको दोघंच. धरणगाव मागे टाकलं आणि पाच-सात मिनिटांत समोरून केळीची गाडी आली. टक्कर झाली, आमची गाडी गोल फिरली आणि बाभळीवर आदळून थांबली. मला कपाळाला चार टाके पडले, बरगडी दुखते. नवीनच्या मानेचे दोन मणके मोडले. परवा ऑपरेशन झालं. अजून पाठीवर पडून आहेत, पण पायाची बोटं हलवतात. मी दिवसातून दहा वेळा हलवायला लावते, ते वैतागतात.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. भिंतीवरच्या फिल्मवर पेन्सिल ठेवून म्हणाले, इथे हाड असं मोडलंय की मान बोटभर जरी वळली असती तरी गळ्याखालचं सगळं गेलं असतं, कदाचित श्वाससुद्धा. मग विचारलं, तुमच्याबरोबर नर्स होती का कोणी? मी म्हटलं, नाही. मग मान कोणी धरली होती? मी सांगितलं, रस्त्यावरचा एक माणूस होता. डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, मी वीस वर्षं हेच काम करतोय, पाऊण तास अशी मान धरायला मला जमणार नाही.

अक्का, मी ते पाहिलंय. शेतातल्या कापूस वेचणाऱ्या बाया ओट्या बांधलेल्या तशाच धावत आल्या होत्या. दोन-तीन पुरुष नवीनला बगलेत धरून खिडकीतून बाहेर ओढायला लागले. तेवढ्यात हा माणूस मागच्या काचेतून आत शिरला, सीटच्या मागे गुडघ्यावर बसला आणि दोन्ही तळव्यांत नवीनचं डोकं धरलं. कोपरं सीटच्या पाठीवर टेकवली. म्हणाला, "हात लावू नका त्याले. कोणीच हात लावू नका." तुमच्याकडची बोली होती. नवीन अर्धवट शुद्धीत होते, सारखे "नूतन कुठे" म्हणून वळायला बघत होते. तो कानाशी म्हणायचा, "हायेत, हायेत, इथीच हायेत, तुमी समोर पहा." १०८ची गाडी यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ते हात तसेच होते. त्याच्या स्वतःच्या कोपरातून रक्त येत होतं आणि ते सीटवरून खाली ओघळत होतं.

त्याचं नाव कळलं नाही. गर्दीत राहून गेलं.

बाकी सगळं माझे दीर भूपेंद्र बघताहेत. पोलिस, कागद, विमा. तू काळजी करू नकोस आणि इकडे यायची घाई करू नकोस.

तुझी
नूतन


सावदा
२३ डिसेंबर

नूतन बाळा,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानेच वाचलं, मग पाट ओढून बसले. नवीनरावांना माझा आशीर्वाद सांग, आणि वैतागले तरी बोटं हलवायला लावत जा.

पण एक गोष्ट मला पटली नाही. नाव कळलं नाही म्हणजे काय? ज्याने तुझा नवरा पाऊण तास तळहातावर धरला त्याचं नाव विचारायला तुला सवड झाली नाही? भावाची लेक तू, तुला मी दहा वर्षं माझ्या घरात वाढवलं ते असल्या शिस्तीत नाही. डोकं फुटलं होतं म्हणून माफ करते.

बोली आमच्याकडची होती म्हणतेस. केळीच्या गाडीवर कटाईची टोळी असते, आणि चोपड्याकडे कटाईला जाणाऱ्या टोळ्या बहुतेक इथल्याच. त्या टोळीतलाच कोणी असणार. ही माणसं काही आभाळातून पडत नाहीत, रोज सकाळी बसस्टँडसमोर चहा पितात. सदतीस वर्षं मास्तरीण होते, या गावात निम्म्या लोकांची बाराखडी मी घोटून घेतली आहे. चार दिवसांत काढते शोधून.

अक्का


देवपूर, धुळे
३० डिसेंबर

प्रिय अक्का,

आम्ही काल घरी आलो. नवीनच्या गळ्याला हनुवटीपर्यंत पट्टा आहे. धरून धरून संडासापर्यंत चालले. मी दाराबाहेर उभी राहून रडले, मग तोंड धुतलं.

तू त्या माणसाला शोधत फिरू नकोस. तुझे गुडघे दुखतात, थंडी पडली आहे. शिवाय पोलिस केस चालू आहे, आपण मध्ये जाऊन कोणाला भेटणं बरं दिसत नाही असं भूपेंद्र म्हणतात. नवीन नीट बरे झाले की आम्हीच बघू. एवढं माझं ऐक.

नूतन


सावदा
५ जानेवारी २०२५

नूतन,

तुझं पत्र यायच्या आधीच मी जाऊन आले होते, त्यामुळे तुझं ऐकायचा प्रश्न राहिला नाही.

त्याचं नाव जीवराम. इथून दोन कोसांवर राहतो. घरी बायको बेबाबाई आणि मुलगी ऋतिका, मुलगी बारावीला आहे. आधी पंधरा वर्षं कटाईच्या टोळीत घड वाहायचा, आता सहा वर्षं झाली, स्वतःची पिकअप चालवतो. म्हणजे चालवायचा. ती पिकअप तीन आठवड्यांपासून ठाण्याच्या आवारात उभी आहे. निष्काळजीपणे गाडी चालवून दोन माणसांना जखमी केलं असा त्याच्यावर गुन्हा आहे, चोवीस तारखेला कोर्टात हजर व्हायचं आहे, आणि लायसन जाईल असं त्याला वकिलाने सांगितलंय. कळलं ना तुला? ज्याच्या गाडीने तुम्हाला ठोकलं असं तुझ्या दिराने लिहून दिलं, तोच हा माणूस. मला ऐकू कमी येतं, म्हणून ऋतिकाने पाटीवर लिहून दाखवलं. मी ती पाटी दोनदा पुसून पुन्हा लिहायला लावली.

मी त्याला विचारलं, अरे, ड्रायव्हर लोक अपघात झाला की पळतात, लोक जीव घेतील म्हणून पळतात, तू कसा थांबलास? तो म्हणाला, "बाई, घड खांद्यावर असला का माणूस पळते काय?" पोरीने ते लिहून दिलं आणि मी समजले नाही. मग तो म्हणाला, उद्या सकाळी मळ्यात या.

गेले. या वयात, पहाटेच्या दवात, काठी टेकत. नूतन, मी केळीतच जन्मले आणि केळीतच म्हातारी झाले, पण मी कटाई कधी पाहिलीच नव्हती गं. नुसतं येता-जाता बघितलं होतं. एक जण विळ्याने दांडा कापतो. त्या क्षणी खाली दुसरा खांद्यावर गादी टाकून उभा असतो, आणि वीस-पंचवीस किलोचा घड त्याच्या खांद्यावर असा उतरतो की एक केळ दुसऱ्यावर घासत नाही. तो दांडा एका हातात धरतो आणि चालायला लागतो. चिखल असो, पाट असो, पायाखाली काटा असो, वरचं अंग हलत नाही. खाली पानं अंथरलेली असतात, तिथे दोघं मिळून एका श्वासात ठेवतात. जीवराम मला म्हणाला, आणि हे त्याने स्वतः माझ्या कानाशी ओरडून सांगितलं, "घडाले मार लागला ते आज दिसत नाही बाई. चार दिसानं आतून काळा पडते. दांडा पिळला का सगळा घड गेला." गाडीत तुझ्या नवऱ्याची मान बघितल्याबरोबर त्याला दांडाच दिसला म्हणे. कोणी शिकवलं नाही, कुठला दाखला नाही. १०८च्या पोरांनी फळी आणली तेव्हा कोणी कुठे धरायचं तेही यानेच सांगितलं, आणि शिकलेल्या पोरांनी ऐकलं. मी मळ्याच्या बांधावर बसून राहिले. सदतीस वर्षं मी मुलांना सांगत आले की न शिकलेल्या हातांना किंमत नसते. मला माझी लाज वाटली.

त्याने तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. उलट विचारलं, साहेबांच्या पायाची बोटं हलतात का? हो म्हटल्यावर घरात जाऊन बायकोला सांगून आला. त्याची पाठ मात्र वाकडी आहे, उठताना कण्हतो. कशाने झालं विचारलं तर म्हणाला गाडीतून पडलो. बेबाबाईने मान फिरवली.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. तो म्हणतो, डाव्या बाजूचं दार उघडत नव्हतं म्हणून साहेबांकडे मागच्या काचेतून शिरलो. म्हणजे नवीनराव डावीकडे बसले होते. गाडी कोण चालवत होतं हे तू दोन्ही पत्रांत लिहिलेलं नाहीस. पोराने पाटी पालथी घातली की त्यावर काय लिहिलंय हे मला न बघता कळायचं. त्या रस्त्यावर काय झालं ते लिही.

अक्का


देवपूर
९ जानेवारी

अक्का,

गाडी मी चालवत होते.

नवीनला झोप लागली होती. पुढे कापसाचा ट्रॅक्टर होता, ट्रॉली दोन्ही बाजूंनी फुगलेली, पुढचं काही दिसत नव्हतं. आम्हाला उशीर झाला होता. सासूबाईंचा दोनदा फोन येऊन गेला होता की ओटी भरायची थांबली आहे. मी न बघता ट्रॉलीच्या बाहेरून गाडी काढली आणि समोर ती पिकअप. मी त्याच्या बाजूला होते, पूर्ण त्याच्या बाजूला. मी ब्रेकसुद्धा दाबला नाही, हात गोठले. त्यानेच भरलेली गाडी रस्त्याखाली घातली. आमचा नुसता कोपरा लागला. तो सरळ आला असता तर हे पत्र लिहायला मी नसते. म्हणजे त्याने आम्हाला दोनदा वाचवलं, पहिल्यांदा स्टिअरिंगने आणि दुसऱ्यांदा हातांनी.

दवाखान्यात हवालदार आले तेव्हा भूपेंद्रनीच सगळं सांगितलं. केळीच्या गाड्या कशा पळतात ते काय सांगायला हवं, असं म्हणाले. हवालदारांनी मला विचारलं, असंच झालं ना ताई? मी हं म्हटलं आणि सही केली. माझ्या कपाळात टाके घालून दहा मिनिटं झाली होती. पण मी शुद्धीत होते. मला सगळं कळत होतं.

हे एवढंच असतं तरी मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं असतं. आणखी आहे.

तो पडला नव्हता, अक्का. त्याला मारलं. तो मान धरून बसला होता तेव्हा मोटरसायकलवरून माणसं आली. कोणीतरी म्हणालं, हाच ड्रायव्हर. कापूस वेचणारी एक म्हातारी काचेशी येऊन त्याला सांगत होती, "भाऊ, पळी जाय. लोके तुले मारतीन." तो म्हणाला, "मावशी, सोडलं तं हा मरते." मग त्या लोकांनी फुटलेल्या काचेतून त्याच्या पाठीत काठी घातली. एक, दोन, मी मोजल्या नाहीत. त्याने हात वर केले नाहीत. तोंडसुद्धा वाचवलं नाही. काठी बसली की त्याचा श्वास हुकायचा, खांदे आकसायचे, आणि कोपराच्या पुढे काही हलायचं नाही. नवीनना कळलंसुद्धा नाही की मागे माणसाला मारताहेत. त्यांना वाटत होतं सगळं शांत आहे. शेवटी त्या बायाच मध्ये पडल्या, पदर खोचून काठ्या धरल्या.

मी सहा हातांवर बांधावर बसले होते. मला बोलता येत होतं. चूक माझी आहे, त्याला मारू नका, एवढे शब्द मला येत होते. मी ते उच्चारले नाहीत. मला वाटलं, मी बोलले तर ते माझ्याकडे येतील.

कॉलेजातल्या मुलांना मी नकाशे शिकवते. झोपताना डोळे मिटले की मला फक्त ते दोन तळवे दिसतात.

नवीनना यातलं काही माहीत नाही.

नूतन


सावदा
१३ जानेवारी

नूतन,

पत्र वाचून मी चूल पेटवली आणि ते तिच्यात घातलं. लपवायला नाही, कोणाच्या हाती लागून कोणी तुझ्या आधी बोलू नये म्हणून. हे तुझ्याच तोंडून जायला हवं.

मी तुला रागावणार होते, पण हात चालत नाही. तू घाबरलीस. मीही घाबरले असते. पण त्या दिवशी घाबरायला तुला पाऊण तास मिळाला, आता महिना झाला. आज संक्रांतीची भोगी आहे, उद्या सण, परवापर्यंत तुला सवड आहे.

आधी नवीनरावांना सांग. मग ठाण्यात जा, दिराला बरोबर नेऊ नकोस. पहिला जबाब चुकीचा होता, मला दुसरा द्यायचा आहे, एवढं म्हण, पुढचं ते विचारतील. तुझ्यावर केस होईल. होऊ दे. लायसन गेलं तर एसटी आहे. नोकरीचं काय होईल हे मला माहीत नाही, आणि खोटा धीर मी देत नाही.

चोवीस तारखेच्या आत. त्याच्या पोरीची परीक्षा फेब्रुवारीत आहे आणि बाप घरात भिंतीकडे बघत बसतो.

मी जीवरामला काही सांगितलेलं नाही.

अक्का


देवपूर
२२ जानेवारी

प्रिय अक्का,

नवीनना संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. जेवण मी भरवलं, ते त्यांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "मी झोपलो होतो ना. मग मलाही ठाण्यात ने. जागेपणी बघू दे काय झालं ते." डॉक्टरांना विचारून, भाड्याची गाडी करून, उशा लावून सोमवारी गेलो. निघताना भूपेंद्र दारात उभे होते. घराण्याचं नाव, विमा, वहिनी तुम्ही वेड्या आहात का, सगळं म्हणून झालं. आता आमच्याशी बोलत नाहीत.

ठाण्यातल्या साहेबांनी पुरवणी जबाब लिहून घेतला. लिहिताना दोनदा पेन खाली ठेवून विचारलं, "ताई, कळतंय ना तुम्हाला काय सांगताय?" ट्रॅक्टरवाल्याला आणि त्या वेचणाऱ्या म्हातारीला बोलावणार आहेत. तिचं नाव तानुबाई. माझ्यावर गुन्हा दाखल होईल, चुकीच्या बाजूने गाडी घातल्याचा, आणि आधीच्या खोट्या जबाबाचं काय ते कोर्ट ठरवेल. कॉलेजात मी स्वतःच प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी माझा लेखी अर्ज ठेवून घेतला, निर्णय अजून कळवलेला नाही. जीवराम यांचं नाव आरोपीतून काढायचा अहवाल चोवीस तारखेला कोर्टात जाईल, गाडीही सुटेल. हे सगळं भीतीचं आहे.

साहेबांनी जीवराम यांना त्याच दिवशी बोलावलं होतं. ते बाहेर आवारात आपल्या पिकअपजवळ उभे होते. हौद्यात अजून त्या दिवशीची केळीची पानं होती, वाळून काळी पडलेली. गळ्याच्या पट्ट्यामुळे नवीनना पाया पडायला वाकता येत नाही, म्हणून त्यांनी नुसते जीवराम यांचे हात धरले आणि उलटसुलट करून बघत राहिले. साधे हात आहेत, अक्का. चिकाचे काळे डाग पडलेले, एक नख गेलेलं. नवीन रडत होते. जीवराम संकोचून म्हणाले, "साहेब, उभे नका राहू जास्त," आणि चहावाल्याची खुर्ची ओढून आणली.

मी त्यांना सगळं सांगितलं. ट्रॉली, ओटीची घाई, गोठलेले हात, हं, सही. माझी चूक होती म्हटलं. ते म्हणाले, "मले माहीत होतं ना ताई. समोर मीच तं होतो."

मी विचारलं, मग माझ्या आत्याला का नाही सांगितलं? म्हणाले, "बाईंचं वय झालं. भाचीचं कायले सांगायचं त्याईले."

मग मी ते सांगितलं जे नवीनसमोर सांगायला मला सगळ्यात जड होतं. म्हटलं, तुम्हाला मारत होते तेव्हा मी बघत होते. मला बोलता येत होतं. मी गप्प बसले.

ते नवीनच्या पट्ट्याकडे बघून म्हणाले, "बरं केलं गप बसल्या. साहेब सारखे तुमालेच शोधत होते. तुमी आवाज दिला असता तं त्याईनं मान वळवली असती."

अक्का, मी त्यासाठी गप्प बसले नव्हते. हे त्यांनाही माहीत होतं. तरी त्यांनी ते माझ्यासमोर असं अलगद ठेवलं, आणि चहा सांगायला निघून गेले.

तुझी
नूतन